करवंटीच्या कार्बनमध्ये ३.२ टक्के हायड्रोजन, माझाच विश्वास बसत नाहीये

करवंटीवाला
एमटेक केमिकल, दुसरं वर्ष. नारळाच्या करवंट्यांचा ॲक्टिव्हेटेड कार्बन केलाय (गावाहून पोतंभर करवंट्या आणल्या, आई म्हणे होस्टेलात बंब बसवलाय का). केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) चारास एक, ८०० डिग्री, मग ॲसिड आणि पाण्याने पीएच ७ येईपर्यंत धुवून धुवून हात सोलले. बीईटी (ग्रॅममागे पृष्ठफळ) १८०० चौरस मीटर आलाय, तिथपर्यंत सगळं मस्त.

आता त्यात हायड्रोजन किती मावतो ते मोजायचं. सिव्हर्ट्सचा सेटअप (प्रेशर किती उतरलं त्यावरून शोषलेला गॅस मोजणारा) एका सीनियरने जोडलेला आहे, रिझर्व्हॉयर २५ मिली, सॅम्पल सेलही सॅम्पलची जागा वजा करून २५ मिलीच. रूम टेंपरेचरला रिझर्व्हॉयरमध्ये ८२.४ बार भरला, व्हॅक्यूम केलेल्या सेलचा व्हॉल्व्ह उघडला, प्रेशर ४०.० वर थांबलं. सॅम्पल ०.१५ ग्रॅम. पीव्ही = एनआरटी (आदर्श वायूचं समीकरण) लावलं तर २.४ मिलिमोल हायड्रोजन कमी भरतोय, म्हणजे ४.८ मिलिग्रॅम, म्हणजे ३.२ टक्के!! गाईड जाम खूश, पेपर लिहायला घे म्हणतात. पण मी जे जे वाचलंय त्यात रूम टेंपरेचरला एवढा आकडा कुठेच नाही, म्हणून पोटात गोळा आलाय. कुणी बघेल का?

गळका_व्हॉल्व्ह
पेपर आधी थांबव. चाहीनचा नियम माहितीये ना, ग्रॅममागे दर ५०० चौरस मीटर पृष्ठफळाला साधारण १ टक्का हायड्रोजन, आणि तोही लिक्विड नायट्रोजनच्या टेंपरेचरला, उणे १९६ ला. म्हणजे तुझा १८०० वाला कार्बन तिथे फार फार तर साडेतीनच्या आसपास जाईल आणि तू म्हणतोयस तेवढंच त्याने पंख्याखाली घेतलं. कार्बनची हायड्रोजनवरची पकड मोलला ५ किलोज्यूलच्या आसपास, रूम टेंपरेचरला टाकी नीट भरायची-रिकामी करायची तर १५ च्या आसपास लागते. तुझ्या केसमध्ये ४० बारला अर्ध्या टक्क्याच्या आतच यायला पाहिजे.

माझा संशय लीकवर. हायड्रोजन कुठूनही निसटतो आणि या पद्धतीत निसटलेला गॅस सरळ सॅम्पलच्या नावावर जमा होतो. साबणाचं पाणी लाव, रात्रभर प्रेशर लावून ठेव. ॲडसॉर्प्शन काही मिनिटांत संपतं, लीक संपत नाही.

बार_आणि_बोंबील
लीक असेलही, पण मला वाटतं चोर प्रश्नातच बसलाय. पीव्ही = एनआरटी! ४० बारला हायड्रोजनचा झेड (खरा गॅस आदर्श गॅसपासून किती ढळतो तो आकडा, आदर्श असता तर १) १.०२४ आहे आणि ८२ बारला १.०४९ च्या आसपास. दिसायला किरकोळ, पण तू दोन मोठे आकडे वजा करून एक चिमुकला आकडा काढतोयस ना, तिथेच वाट लागते. तुझेच आकडे घे, ८२.४ गुणिले २५ भागिले १.०४९ म्हणजे १९६४, आणि शेवटी ४० गुणिले ५० भागिले १.०२४ म्हणजे १९५३. फरक ११ बार-मिली. तू पकडला होतास ६०. म्हणजे ३.२ चे झाले ०.६.

आणि त्या ०.६ वरही भाळू नकोस. १०० बारचा ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) पाव टक्क्याचा असेल तर पाव बार इकडेतिकडे, तेवढ्यानेच तुझ्याकडे ०.३ टक्के हलतात. एसी बंद झाला आणि सेल एका डिग्रीने तापला तर ४० मिलिमोल गॅसवर आणखी जवळपास ०.२. सॅम्पलची जागा काढताना पावडरची बल्क डेन्सिटी घेतली असशील (०.४ वगैरे) तर तिथे ०.६ फुकटात मिळाले, ती जागा हेलियमनेच काढायची, तो कार्बनला जवळपास चिकटतच नाही. मूळ दुखणं ०.१५ ग्रॅम सॅम्पल हे आहे रे. दोन-तीन ग्रॅम तरी टाक.

मॉफवाली
मनाला लावून घेऊ नका. १९९८ मध्ये ग्राफाइट नॅनोफायबरमध्ये साठ टक्क्यांच्या वर हायड्रोजन मावतो असा दावा छापून आला होता, नंतर कुणालाच तो पुन्हा करून दाखवता आला नाही. तुमचे ३.२ त्या मानाने सभ्य आहेत 😄 आम्ही मॉफवाले (मॉफ म्हणजे एमओएफ, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्या) तरी कुठे सुटलोय, २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मॉफला मिळालं म्हणून घरचे विचारतात आता गाडी कधी धावणार, आणि आमचं एमओएफ-५ पावसाळ्यातल्या हवेवर उघडं राहिलं तरी ढासळतं. हायड्रोजनवाल्या गाड्या अजून ७०० बारच्या टाकीवरच चालतात.

एकच सांगते, रिकाम्या सेलवर ब्लँक घ्या. अगदी तसाच, त्याच प्रेशरला.

करवंटीवाला
घेतला ब्लँक. जुनंच गणित लावलं तर रिकाम्या स्टीलच्या सेलने ४ मिलिग्रॅम हायड्रोजन ‘शोषला’. झेड टाकल्यावर शून्याच्या आसपास, अधूनमधून उणेसुद्धा. साबणाला एका फिटिंगवर बुडबुडेही आले, म्हणजे गळका_व्हॉल्व्ह दादांचंही थोडं खरं. आता पुन्हा करवंट्या जाळतोय, तीन ग्रॅम कार्बन हवाय.

गाईडना दाखवलं. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले त्या सीनियरच्या थिसिसमध्ये कुठलं इक्वेशन आहे बघ. लायब्ररीत जाऊन बघितलं. पीव्ही = एनआरटी.