मदत हवी आहे: शिष्यवृत्तीच्या वर्षात मुलीचा तबला बंद करावा का?

पाचवीची_आई

मुलगी पाचवीत, वय 10. दोन वर्षं तबला शिकतेय, प्रारंभिक (पहिली परीक्षा) झाली आहे. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा, म्हणून सोमवार ते शुक्रवार साडेपाच ते सात जादा तास. मंगळवारी आणि गुरुवारी साडेसातला तबला. तिथे पोचेपर्यंत ती पेंगुळलेली असते. घरी रियाज आठवड्यातून एखाद्या दिवशी होतो. आधी 'तिट' हा बोल सुटा वाजायचा, आता एकच फटका ऐकू येतो. सरांना तिला नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात प्रवेशिका प्रथम या पुढच्या परीक्षेला बसवायचंय. घरचे म्हणतात, वर्षभर तबला बंद. काय करू?

लेहरा

ताई, बंद करू नका. तबल्याची परीक्षा पुढे ढकला, क्लास आठवड्यातून एकदाच ठेवा, रियाज मात्र रोज 15 मिनिटं. आठवड्यातून एकदा दीड तास बसवून हे साधत नाही.

'तिट'चं कारण सांगतो. 'ति' मधल्या बोटाने, 'ट' तर्जनीने, दोन्ही शाईवर (तबल्यावरच्या काळ्या गोलावर). थकलेल्या मुलाचं मनगट आखडतं, तर्जनी वेगळी उचलली जात नाही आणि मधल्या बोटाबरोबरच पडते. लय निम्मी केल्याशिवाय हे सुटणार नाही.

15 मिनिटं अशी: 3 मिनिटं पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, तबल्याला हात न लावता. मग 4 मिनिटं तीनतालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल), मिनिटाला 60 मात्रा, म्हणजे 16 मात्रांची बरोबर 15 आवर्तनं. इथे डग्ग्याकडे (डाव्या हाताच्या वाद्याकडे) कान ठेवा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत (तिं तिं ता | ता) तो गप्प हवा आणि चौदाव्याच्या 'धिं'वर परत यायला हवा. मूल दमलं की डग्गा तेराव्यालाच घुमतो. तो घुमला की त्या दिवशी कायदा (ठरावीक बोलांची रचना) घेऊच नका, ठेक्यावरच थांबा. एरवी 6 मिनिटं एकच कायदा, आधी बराबर (मूळ लयीत), मग दुगुन (दुप्पट लयीत). उरलेली 2 मिनिटं तिला हवं ते वाजवू द्या. घाईत ही 2 मिनिटं पहिली कापली जातात आणि मूल तबल्यापाशी यायचंच टाळू लागतं.

वेळ शाळेतून आल्यावर, खाणं झाल्यावर, जादा तासाच्या आधी. रात्री साडेआठनंतर नकोच.

चुंबळ

एक जोडते. तबला-डग्ग्याची जोडी गवसणीत (कापडी पिशवीत) ठेवू नका. कोपऱ्यात चुंबळीवर (खालच्या गोल कड्यावर) मांडलेली असू द्या, वर सुती कापड. गवसणी सोडा, हातोडी शोधा, यात पाच मिनिटं जातात आणि पंधरातली पाच फार असतात. स्वर थोडा उतरला असेल तर रोज लावत बसू नका, क्लासच्या दिवशी लावला तरी चालेल.

पाचवीची_आई

पण दहावीला वाढीव गुण मिळतात ना? परीक्षा मागे पडली तर?

चुंबळ

हिशोब करून बघा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची सत्रं वर्षातून दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. शिष्यवृत्ती संपल्यावर एप्रिल-मेला प्रवेशिका प्रथम. पुढे वर्षाला एक धरली तरी सहावीत प्रवेशिका पूर्ण, सातवीत मध्यमा प्रथम, आठवीत मध्यमा पूर्ण. नववी-दहावी मोकळी राहतात. दहा वर्षांच्या मुलीला आत्ता पळवायचं कारणच नाही. फॉर्म बरेच आधी भरायचे असतात, तेवढी तारीख केंद्रावर विचारून ठेवा.

सरांशी बोलताना "तबला कमी करायचाय" म्हणू नका. "रविवारी सकाळची वेळ मिळेल का, रोज 15 मिनिटं आम्ही करून घेतो, काय घ्यायचं ते वहीत लिहून द्या" असं म्हणा. वहीत आठवड्याला एकच कायदा आणि त्याचे दोन पलटे (त्याच बोलांचे फेरफार), जास्त नको.

पाचवीची_आई

रविवारचं विचारते. पढंत शाळेच्या व्हॅनमध्ये केली तर चालेल?

लेहरा

चालेल, पण हाताने टाळी-खाली दाखवूनच. टाळी 1, 5 आणि 13 व्या मात्रेला, खाली (टाळी न देता हात बाजूला) 9 व्या मात्रेला. नुसतं तोंडाने म्हटलं तर मधला एखादा विभाग गळतो आणि तिला ते कळतही नाही. हात चालू असला की समेला (पहिल्या मात्रेला) लगेच पकडलं जातं.