शाळा अनुदान निम्मंच आलं, पण बजेटमध्ये शिक्षणाचा आकडा वाढलेला. कपात दाखवायची कशी?

प्रश्न – पालक-सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती
जि. प. शाळा, पट ८६. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाला संयुक्त शाळा अनुदान २५,००० रुपये. आले १२,५००, तेही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. खडू, वीजबिल, दुरुस्ती, सगळं यातच. आमदारांना भेटायचंय. काय घेऊन जाऊ?

उत्तर – लेखाशीर्ष
एकूण आकड्यावर वाद घालू नका, हराल. बजेटमधल्या २२०२ सामान्य शिक्षण या शीर्षाखाली बहुतेक पैसा पगाराचा असतो. महागाई भत्ता वाढला की एकूण आकडा वाढतो, शाळेला खडूचा तुकडाही जास्त मिळत नाही. त्याखाली खर्चाच्या प्रकाराचे संकेतांक असतात: ३६ म्हणजे सहायक अनुदाने (वेतन), ३१ म्हणजे सहायक अनुदाने (वेतनेतर, पगार सोडून). ३१ च्या ओळी वेगळ्या काढा, समग्र शिक्षेतला राज्य हिस्सा वेगळा. मग एकाच वर्षाचे तीन आकडे शेजारी मांडा: अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीचा), सुधारित अंदाज (वर्ष सरताना बदललेला), प्रत्यक्ष खर्च. मार्चमध्ये घोषणा झालेली रक्कम सुधारित अंदाजात गुपचूप खाली येते. खरी कात्री तिथे लागते.

समग्र शिक्षेत केंद्र सरकार ६० टक्के, राज्य ४० टक्के असा वाटा आहे. राज्याचे ४० अडले की केंद्राचा पुढचा हप्ताही लटकतो. हे आमदारांना आवर्जून सांगा.

उत्तर – ठरावबुक
आधी यू-डायसवरचा (शाळांची माहिती नोंदवायची सरकारी प्रणाली) पट बघा. तिथे चुकून ३० किंवा कमी नोंदला गेला तर शाळा १०,००० च्या गटात जाते आणि दोष आपल्याच माथी येतो. तुमचा आकडा कुठल्याच गटात बसत नाही, म्हणजे निम्मंच वितरण झालंय.

माहिती अधिकारात ‘कपात का केली?’ असं विचारू नका. कारण विचारलं की ‘अशी माहिती अभिलेखात नाही’ एवढंच उत्तर येतं. कागद मागा: वितरण आदेशाची प्रत आणि तालुक्यातील शाळानिहाय वाटपाची यादी, तारखांसह. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

समितीचा ठराव शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ खालच्या शाळा विकास आराखड्याशी जोडा. आराखड्यात गळकं छप्पर लिहिलेलंच नसेल तर त्यासाठी पैसे मागायला आधार राहत नाही.

प्रश्नकर्ता
आमदारांना कपात सूचना मांडायला सांगू का?

उत्तर – लेखाशीर्ष
नको, नावावरून फसगत होते. कपात सूचना म्हणजे विभागाची मागणी कमी करा असं सांगणं. चर्चा घडवायला ती चालते, पण संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार सभागृह मागणी मंजूर, नामंजूर किंवा कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. पैसे परत हवेत तर पुरवणी मागणीत (वर्षाच्या मध्येच जादा खर्चासाठीची मागणी) यायला हवेत, आणि ती सरकारच मांडतं. म्हणून नागपूर अधिवेशनाच्या बरंच आधी एका पानाचं निवेदन द्या: शाळेचं नाव, पट, देय, मिळालेली रक्कम, तारीख. एका शाळेचं नको, पूर्ण केंद्रातल्या (आसपासच्या शाळांचा गट) शाळांचा तक्ता. सोबत तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) मसुदा लिहूनच द्या.