आईसाठी बाख पुष्पौषधी: गोळ्या की थेंब?

बाबा गेल्यापासून आईची झोप उडालीय. शेजारच्या काकूंनी ‘स्टार ऑफ बेथलेहेम’ नि ‘वॉलनट’च्या साबूदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्या दिल्यात. पहिलं धक्क्यावर, दुसरं बदल पचवायला, म्हणे. आईला मधुमेह आहे. त्यापेक्षा थेंब आणू का?

↳ ताई, थेंब ब्रँडीत असतात, आईंना आधी विचारा! माळकरी असतील तर पंचाईत. रीत म्हणजे पाण्यातून चार थेंब, दिवसातून चारदा. माझ्या लेकाला दहावीच्या धास्तीवर ‘मिम्युलस’ दिलं होतं. शांत झाला; औषधानं की मी कटकट थांबवल्यानं, देव जाणे.

↳ इंग्लंडच्या डॉ. एडवर्ड बाख यांनी १९३०च्या दशकात ही ३८ औषधं पूर्ण केली. त्यातलं ‘रॉक वॉटर’ तर नुसतं झऱ्याचं पाणी! चाचण्यांत ही औषधं नि औषध नसलेले थेंब यांत फरक दिसलेला नाही. काकूंचं मन मोडू नका, पण मधुमेहाची गोळी चुकवू नका. झोप, जेवण दोन्ही गेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच.

↳ आई माळकरीच आहे हो! थेंब रद्द. डॉक्टरांची वेळ घेतेय. काकू मात्र रोज चारला येऊन तासभर बसतात, ते चालू ठेवणार.