दुपारचा गप्पांचा कार्यक्रम : निवेदिका तयार कशी करावी?

सातेरी

कुडाळच्या स्थानिक केबल वाहिनीवर सोमवार ते शुक्रवार दुपारी अडीचला अर्ध्या तासाचा गप्पांचा कार्यक्रम सुरू होणार आहे. प्रेक्षक मुख्यतः घरातल्या बायका. निवेदिका २६ वर्षांची आहे, गणेशोत्सवात आणि शाळांच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, स्टेजची भीती नाही. दोन चाचणी भाग झाले, ते काही जमले नाहीत. कोकम आगळ करणाऱ्या बचत गटाच्या ताई आल्या होत्या. ११ मिनिटांत विषय संपला, बाकी वेळ "हो", "नाही", "चांगला अनुभव होता" एवढंच. शिवाय आवाजात सारखी कटकट-खुळखुळ आहे.

प्रश्न तीन. पाहुण्याला बोलतं कसं करायचं? आवाजाचं काय चुकतंय? आणि ज्यांनी दुपारचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवला, ते अमेरिकेतले फिल डोनाह्यू, ओप्रा विन्फ्री वगैरे लोक तिथवर कसे पोचले आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल?

---

तिसरी_घंटा

पहिल्या प्रश्नाचं मूळ तुमच्याच माहितीत आहे. सूत्रसंचालन आणि मुलाखत ही दोन वेगळी कामं. सूत्रसंचालक मोकळी जागा भरतो, मुलाखतकार ती मोकळी ठेवतो. स्टेजवर दोन सेकंदांची शांतता झाली की चुकल्यासारखं वाटतं, म्हणून हात लगेच माइककडे जातो. मुलाखतीत नेमकं त्या दोन सेकंदांनंतर माणूस खरं बोलायला लागतो. तिला सांगा, उत्तर संपलं असं वाटलं की मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. दहातल्या सहा वेळा पाहुणाच पुढे बोलतो.

दुसरं म्हणजे "छान!", "मस्त!", "अरे वा!" पूर्ण बंद. प्रत्येक "छान" हे पाहुण्याला "झालं तुमचं" असं ऐकू येतं. संकलनातही तो त्रास होतो, कारण तो शब्द पाहुण्याच्या शेवटच्या शब्दावर चढलेला असतो आणि तिथे कापता येत नाही. मान डोलवा, डोळ्यांनी ऐका, आवाज नको.

आता प्रश्न. "हा व्यवसाय करताना तुम्हाला आनंद होतो का?" याचं उत्तर "हो" हेच येणार. त्याच ताईंना विचारा : "फळं वाळत घातली आणि वळवाचा पाऊस आला, तर पहिली धाव कुठे?" "मीठ कमी पडलंय हे आगळाच्या कशावरून कळतं, वासावरून की रंगावरून?" "पहिल्या वर्षी किती बाटल्या फेकल्या?" हात, वास, आकडा, ठरावीक दिवस यांच्यावर विचारलेल्या प्रश्नाला माणूस एका शब्दात उत्तर देऊच शकत नाही. आनंद, संघर्ष, प्रेरणा हे शब्द प्रश्नात आले की उत्तर भाषणातलं येतं.

आदल्या दिवशी १५-२० मिनिटं फोनवर बोलून घ्यायचंच, पण शक्यतो निवेदिकेनं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. तिनंच फोन केला तर कॅमेऱ्यापुढे पाहुणा म्हणतो, "काल सांगितलं तसं..." आणि गोष्ट मेली. फोन करणाऱ्यानं प्रसंग शोधायचे, त्यातले तीन निवडून कार्डावर दोन-दोन शब्दांत लिहायचे : "फुटलेली बरणी", "सासऱ्यांचा नकार", "वेंगुर्ल्याची ऑर्डर". एका भागाला सातच्या वर कार्डं नकोत. सात प्रश्न संपवायचेत म्हणून धावणारी निवेदिका मधेच निसटलेलं वाक्य ऐकत नाही, आणि मुलाखतीतला सगळ्यात चांगला प्रश्न त्या निसटलेल्या वाक्यातूनच येतो.

एक फार महत्त्वाचं, भाषेचं. पाहुणी मालवणीत बोलत असेल तर तिला प्रमाण मराठीत ओढू नका. "माका बोलूक येणा नाय" म्हणणारी बाई मालवणीत दीड तास बोलते. निवेदिकेला मालवणी येत असेल तर तिनंही त्यातच विचारावं. येत नसेल तर आपलं नेहमीचं मराठी बोलावं, पण पाहुणीचं वाक्य प्रमाण भाषेत फिरवून परत सांगू नये. त्या दुरुस्तीनं बाई गप्प होते, आणि बघणाऱ्या शंभर घरांतल्या बायकाही दुखावतात.

---

कॅमेऱ्यामागचा

कटकट म्हणजे मंगळसूत्राचे मणी आणि खुळखुळ म्हणजे बांगड्या. न ऐकताही सांगता येतं.

कॉलर माइक साडीवर लावताना तो मधोमध लावतात आणि मंगळसूत्र नेमकं तिथेच हलतं. माइक पदराच्या निऱ्यांवर, हनुवटीपासून एक वीत खाली आणि निवेदिका ज्या बाजूला बसली आहे त्या बाजूला लावा, कारण पाहुणी तिकडेच तोंड वळवून बोलणार. क्लिपमागे वायरची छोटी गाठोळी करून चिकटपट्टीनं कपड्याला धरा, म्हणजे वायर ओढली तरी माइकला हिसका बसत नाही. मंगळसूत्र पदराच्या आत घेऊन कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावला की मणी गप्प. माइकच्या वायरच्या दुसऱ्या टोकाची डबी, म्हणजे ट्रान्समीटर, अडकवायला साडीला पट्टा नसतो, तो मागे परकराच्या नाडीला लागतो. हे काम बाईनंच करायचं, त्यासाठी एक मुलगी नेमा. नवीन काठापदराच्या साड्या करकरतात. पाहुण्यांना आधीच सांगा, सुती किंवा दोन-चार वेळा धुतलेली साडी नेसा, बारीक चौकड्याची नको. बारीक चौकडी पडद्यावर लहरी मारते.

बांगड्या काढायला सांगू नका. हिरवा चुडा कुणी काढत नाही आणि तसं विचारणंही बरं नव्हे. टेबलक्लॉथखाली दुमडलेला टॉवेल घाला, किंवा टेबलच काढून टाका आणि हातात काहीतरी द्या : आगळवाल्या ताईंच्या मांडीवर कोकमं भरलेलं पाखडायचं सूप. हात कामात असले की बांगड्या कमी वाजतात आणि जीभही सुटते.

खुर्चीवर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सोफ्यात बुडालेल्या माणसाचा श्वास दबतो, आवाज बारीक होतो. दोन खुर्च्या समोरासमोर नकोत, काटकोनाच्या जरा आत वळवा.

मीटरवर आवाजाची पातळी बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास, हसताना उणे ६ च्या वर जाऊ नये. कॅमेऱ्यावर विसंबू नका, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरही घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही जुळवायला. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. लाइट गेल्यावर साधा इन्व्हर्टर सुरू झाला की आवाजाच्या मिक्सरमध्ये गुणगुण शिरते आणि ती नंतर निघत नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. तरीही स्वस्त एलईडी लुकलुकतात, आधी मिनिटभर घेऊन तपासा. खिडकीचा उजेड आणि घरातला पिवळा बल्ब एकत्र आला तर चेहऱ्याची एक बाजू निळी दिसते. दोनपैकी एक बंद करा.

पावसाळा. पत्र्याखाली जून ते सप्टेंबर चित्रीकरणाचा विचारच नको, स्लॅबची खोली शोधा. पावसाचा सलग आवाज प्रेक्षक सहन करतात, पण एका वाक्यात पाऊस आणि कापल्यावर पुढच्यात नाही, हे कानाला लागतं. म्हणून दर पाहुण्यामागे एक मिनिट कुणीही न बोलता नुसता खोलीचा आवाज घेऊन ठेवा, सांधे त्यानं बुजवता येतात. पंखा बंद ठेवून दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्या, मधे पंखा लावा, घाम टिपा.

लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईतो गरम करायचे. किनाऱ्यावर हे केलं नाही तर एका पावसाळ्यात काचेवर बुरशीची जाळी धरते. एसीतून बाहेर आणलेला कॅमेरा पिशवीतून अर्धा तास तरी काढू नका, नाहीतर काच धुरकटते.

---

माडाची_सावली

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

डोनाह्यूचा कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९६७ ला ओहायो राज्यातल्या डेटन या मध्यम शहरात, स्थानिक वाहिनीवर सुरू झाला. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. पुढे तो देशभर गेला आणि १९९६ पर्यंत चालला. त्याची खरी कमाई म्हणजे माइक घेऊन प्रेक्षकांत शिरणं. स्टुडिओत बसलेल्या बायकांचे प्रश्न आपल्यापेक्षा नेमके आहेत हे त्यानं ओळखलं आणि त्यांना कार्यक्रमाचा भाग केलं. दुपारी घरी असणारी बाई म्हणजे फक्त पाककृती आणि शिवणकाम, हे त्यानं मानलं नाही. पहिल्याच भागात पाहुणी होती मॅडलिन मरे ओ'हेअर, उघड नास्तिक.

ओप्राची वाट जास्त शिकवणारी आहे. जन्म १९५४, मिसिसिपीतल्या खेड्यात. शाळेत असतानाच नॅशव्हिलच्या रेडिओवर बातम्या. १९७६ मध्ये बाल्टिमोरला संध्याकाळच्या बातम्यांची सहनिवेदिका झाली आणि पुढच्याच वर्षी त्या जागेवरून काढली गेली. बातमीतल्या माणसाच्या दुःखात ती गुंतायची, बातमीदाराला हवी ती अलिप्तता जमायची नाही. १९७८ मध्ये तिला त्याच वाहिनीच्या 'पीपल आर टॉकिंग' या गप्पांच्या कार्यक्रमात बसवलं, आणि बातम्यांत जो दोष ठरला तोच तिथे गुण ठरला. तुमच्या निवेदिकेत काय "चुकतंय" ते जरा या नजरेनं बघा.

जानेवारी १९८४ मध्ये शिकागोचा 'एएम शिकागो' हा मागे पडलेला सकाळचा कार्यक्रम तिच्या हाती आला आणि थोड्याच आठवड्यांत तो तिथल्या डोनाह्यूच्याही पुढे गेला. ८ सप्टेंबर १९८६ पासून देशभर, २५ मे २०११ ला शेवटचा भाग. म्हणजे देशभर दिसण्याआधी रेडिओ धरून बारा-पंधरा वर्षं स्थानिक पातळीवर. कुडाळ हे सुरुवातीचं ठिकाण म्हणून अजिबात कमी नाही.

एक व्यवहाराची गोष्ट लोक विसरतात. १९८८ मध्ये कार्यक्रमाची मालकी तिच्या 'हार्पो' या कंपनीकडे आली. नुसतं मानधन घेणारी निवेदिका आणि भागांचा हक्क असणारी निवेदिका यांत आयुष्याचा फरक पडतो. तुमच्या निवेदिकेशी कागद करताना लिहा : भागामागे किती, चित्रीकरण रद्द झालं तर किती, यूट्यूबवर टाकलेल्या तुकड्यांच्या उत्पन्नात वाटा किती, आणि स्वतःच्या ओळखीसाठी ती किती मिनिटं वापरू शकते.

आपल्याकडे तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' दूरदर्शनवर १९७२ ते १९९३ चालला. त्या बालकलाकार म्हणून सिनेमात आल्या होत्या, त्यामुळे समोर कितीही मोठा नट असला तरी घरातल्यासारख्या बोलत. पाहुण्याचं जग आतून माहीत असणं ही तयारीच. निवेदिकेला आठवड्यातला एक दिवस बाजारात, काजूच्या कारखान्यात, जेटीवर नुसतं ऐकत फिरायला द्या आणि त्या दिवसाचेही पैसे द्या.

---

सातेरी

सगळ्यांचे आभार. माइक आज पदरावर लावून बघितला, मणी खरंच गप्प झाले. अजून दोन शंका. आठवड्याला पाच भाग, सहा महिन्यांत १३० भाग. एवढे विषय कुठून आणायचे? आणि दारू, सासुरवास, कर्ज असे विषय घ्यायचे झाले तर चेहरा धूसर करून चालेल का?

---

तिसरी_घंटा

विषय कॅलेंडरवरून लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्या काळात मच्छीमार कुटुंबं घरी असतात, जाळी विणत बोलतात. दशावतारी कलाकारही पावसाळ्यात मोकळे, जत्रांचा हंगाम सुरू झाला की मिळणार नाहीत. भातलावणीच्या दिवसांत अडीचला शेतकरी घरात टीव्ही लागतच नाही, तेव्हा रात्री नऊला पुनःप्रक्षेपण हवंच. चतुर्थीला चाकरमानी येतात, मुंबईचे पाहुणे तेव्हा उरकून घ्या. रोज एक भाग घेत बसू नका. महिन्यातून सहा दिवस, दिवसाला चार भाग. पाचवा घेतला तर त्यात निवेदिकेचा आवाज बसलेला असतो आणि ऐकणंही थांबलेलं असतं.

धूसर चेहऱ्याचं उत्तर नाही असं आहे. शिकागोच्या स्टुडिओत बसलेली बाई बघणाऱ्यांना अनोळखी होती. तुमची पाहुणी बघणाऱ्यांच्या नात्यातली आहे. आवाज, बसण्याची लकब, मागची तुळस, खळ्याला लागलेली पायरी, एवढ्यावर वाडीतला पोरगासुद्धा घर ओळखतो. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची किंवा मुलाची ओळख उघड करणं तर कायद्यानंच गुन्हा आहे. इतर विषयांतही बाईला कॅमेऱ्यापुढे बसवूच नका. तिची हकिगत तिच्या संमतीनं, गाव आणि नाती बदलून निवेदिकेनं वाचावी आणि समोर वकील किंवा समुपदेशक बसवावा. लेखी संमती चित्रीकरणानंतर घ्या, आधी नव्हे, आणि प्रक्षेपणाच्या आदल्या दिवसापर्यंत "नको" म्हणायचा हक्क त्यात लिहा. ती "नको" म्हणाली तर कारण न विचारता भाग बाजूला ठेवायचा. त्यासाठी दोन तयार भाग कायम शिलकीत हवेत.