कंपनीच्या पैशातून पाझर तलावाचं संवर्धन: ग्रामपंचायतीनं करारात काय लिहून घ्यावं?

गोदाकाठ_पैठण

नमस्कार मंडळी. पैठण तालुक्यातल्या गावचा पाझर तलाव आहे. सांडव्याला पाणी लागलं की साधारण १२ हेक्टरवर पसरतं. औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी आणि निसर्गसंवर्धनाचं काम करणारी एक संस्था मिळून तो तीन वर्षांसाठी घ्यायला तयार आहेत. प्रस्ताव ४० लाखांचा: २६ लाख खोलीकरणाला, ८ लाख काठावरची झाडं आणि फिरायच्या वाटेला, बाकी कुंपण, फलक आणि पक्षीगणना. हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे, चमचे हे पक्षी इथं उतरतात, ते टिकावेत ही गावाचीही इच्छा आहे. पंधरा दिवसांनी ग्रामसभा आहे. काय मान्य करावं, काय नाकारावं, आणि कागद कुठकुठले लागतील?

सांडवा

प्रस्तावातला सगळ्यात मोठा आकडा खोलीकरणाचा, आणि तलावाला सगळ्यात मोठा धोकाही तिथूनच. पोकलेन लावून तळ सपाट आणि काठ उभा केला की साठा वाढतो, पक्षी मात्र जातात. तुतारीसारख्या, चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांना (त्यांना पाणलावे म्हणू) बोट-दोन बोटं पाणी लागतं, शेकाट्याला वीतभर, डोकं बुडवून चरणाऱ्या बदकांना फार तर फूटभर. आता हिशेब करा. काठाचा उतार १:२० असेल, म्हणजे वीस मीटरला एक मीटर खोल, तर फूटभर खोलीपर्यंतचा पट्टा सहा मीटर रुंद मिळतो. १:२ केला तर तोच पट्टा ६० सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम एका पावलाचा. अशा काठावरून म्हैसही नीट पाण्यात उतरत नाही आणि उतरली तर वर येताना घसरते.

म्हणून नकाशावरच रेघ ओढून घ्या. नाला जिथून तलावात येतो तो फुगवट्याचा उथळ भाग यंत्राला पूर्ण बंद. गाळ निघेल तो मधल्या खोल भागातून, आणि बांधाच्या आतल्या पायथ्यापासून अभियंता चुना टाकून देईल तेवढं अंतर सोडूनच. पायथ्याची माती उकरली की वरचं दगडी पिचिंग (बांधावर रचलेला दगडांचा थर) पाण्याच्या चढउतारात खाली सरकतं, आणि मग बांधाची डागडुजी कोणी करायची यावर कंपनी, संस्था आणि खातं एकमेकांकडे बोट दाखवतात.

कुठं थांबायचं तेही लिहा. आधी पाच-सहा ठिकाणी खड्डे घेऊन गाळाची जाडी मोजा. काळा गाळ संपून मुरूम दिसला की हात आखडायचा. मुरूम उघडा पडला तर विहिरींना पाझर वाढतो हे खरं, पण तलाव लवकर कोरडा पडतो. विहिरी आणि हिवाळी पाणी या दोन्हींत गावाला काय किती हवंय ते ग्रामसभेनं ठरवावं, पोकलेनवाल्यानं नाही.

बिल यंत्राच्या तासांवर देऊ नका. कामाआधी आणि कामानंतर लेव्हल घेऊन, म्हणजे तळाची उंची मोजून, घनमीटरवर द्या. एक हेक्टरवर एक मीटर गाळ म्हणजे १० हजार घनमीटर. ट्रॉलीत एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर धरलं तर साडेतीन हजार खेपा होतात. खेपांची वही आणि लेव्हलचा आकडा यांचा मेळ बसलाच पाहिजे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलाव बसतो का तेही विचारा. शेतकरी गाळ स्वतः उचलून नेतात, त्यामुळे २६ लाखांतला बराच पैसा मोकळा होईल.

ठराव_क्रमांक_४

कागदांचं सांगतो. सिंचनासाठी बांधलेले जलाशय २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून वगळलेले आहेत. त्यामुळे ‘कायदाच तलाव सांभाळेल’ या भरवशावर राहू नका. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, गोष्ट वेगळी, तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन्यजीव कायदा लागतो आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय काही हलवता येत नाही. तुमचा तलाव अभयारण्याच्या भोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे वन्यजीव विभागाकडून लेखी घ्या.

मग मालकी. सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर बहुधा जिल्हा परिषद, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण खातं. ज्याचा तलाव त्याची ना-हरकत हवी. ग्रामपंचायत एकटी सही करून मोकळी झाली तर करार कच्चा. सातबारेही काढा. जुन्या तलावांत संपादन झालेलं असतं, मोबदला दिलेला असतो, पण फेरफार न झाल्यानं उतारा अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर दिसतो. कुंपणाचा पहिला खांब रोवला की भांडण तिथूनच उभं राहतं.

कंपनीच्या बाजूचं: हा पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतला असेल. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा, १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. कंपनीला प्रदूषण नियंत्रणाच्या अटींखाली जे करणं भागच आहे, ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण किंवा स्वतःच्या आवारातला हरितपट्टा या ४० लाखांत घुसवू देऊ नका. कंपनीच्या प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती संस्थेच्या तलावावर राबणाऱ्या माणसांच्या पगाराला लागत नाही. तो प्रकल्पाचाच खर्च आहे. ‘पगाराला तरतूद नाही’ असं कोणी सांगितलं तर हे दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसा कधी येतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्च उरकण्याची घाई होते आणि सोपं म्हणून यंत्र लावलं जातं. कंपनीच्या संचालक मंडळानं हा ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येते. हे शब्द करारात येऊ द्या. पहिल्या वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त खर्च नको.

पाणकणीस

८ लाखांच्या झाडांना माझा स्पष्ट विरोध आहे. चक्रवाक आणि पाणलाव्यांना चहूकडं मोकळं दिसणारा काठ लागतो. झाडांची भिंत झाली की शिकारी पक्ष्याला आडोसा मिळतो आणि हे लांब जातात. बांधावर तर झाड नकोच, मुळं कुजली की त्याच पोकळीतून पाणी वाट काढतं. पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या गावठी बाभळी मात्र तोडू नका, बगळे-पाणकावळे त्यांवरच घरटी करतात. फिरायची वाट हवीच असेल तर एकाच बाजूला, गावाकडच्या.

तो पैसा बेशरम, येडी बाभळ ही माजणारी झुडपं आणि जलपर्णी काढायला वापरा. बेशरम नुसती छाटली तर चौपट फुटते, आणि कांड्या ओलीवर पडल्या तर तिथंच मुळं धरतात. एप्रिल-मेमध्ये काठ तडकलेला असताना कुदळीनं गड्ड्यासकट उपटायची आणि पाणीपातळीच्या वर, टणक जमिनीवर वाळवायची. पावसाळ्यानंतर फुटवे दिसतील, ते पुन्हा. दोन वर्षांचा पाठपुरावा नसेल तर पहिल्या वर्षाची मजुरी फुकट गेली.

जलपर्णी उन्हाळ्यात, सांडपाण्याच्या खतावर, पंधरवड्यात दुप्पट होते. तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं, म्हणून फुलायच्या आत काढायची. बांबू आणि रिकामे कॅन बांधलेला दोर पाण्यावर ताणून ती एका कोपऱ्यात ओढा, दाताळ्यानं वर काढा आणि काठापासून लांब टाका. काठावरच ढीग लावला की पहिल्या सरीला तो परत पाण्यात. तणनाशक अजिबात नको. कुजलेलं सगळं तळाशी बसतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसायला लागतात.

पण मूळ गावाच्या गटारात आहे. २ हजार वस्ती, माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं तीन चतुर्थांश गटारात धरलं तर दिवसाला ८० हजार लिटरच्या वर. तीन दिवस थांबवायचं तर अडीचशे घनमीटरचं तळं लागतं: सव्वा मीटर खोल आणि २०० चौरस मीटर पृष्ठभाग. त्याच्या पुढं खडीचा पट्टा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. तोंडाशी जाळी आणि गाळाचा खड्डा हवा, तो दर महिन्याला उपसला नाही तर खडी बुजते आणि पाणी बाजूनं वाट काढून थेट तलावात जातं. उपसणाऱ्या माणसाची मजुरी करारात लिहा, नाहीतर सहा महिन्यांत सगळं बंद.

गोदाकाठ_पैठण

आभार. दोन गोष्टी राहिल्या. संस्थेच्या आराखड्यात घरट्यांसाठी मातीचं बेट आहे. आणि कुंपण घातलं तर भोई समाजाची मासेमारी आणि गाळपेर करणारी पंधरा-वीस घरं यांचं काय? पाणी हटलं की ते हरभरा, टरबूज, काकडी घेतात.

सांडवा

बेट नको. काळी माती लाटांनी ढासळते, मुरूम टाकून दगड लावला तरी खरी अडचण कुत्र्यांची आहे. बेटाभोवती मेपर्यंत कमरेएवढं पाणी टिकलं तरच घरटी वाचतात, आणि मराठवाड्यातला पाझर तलाव मेपर्यंत तेवढा राहत नाही. नदीसुरय अंडी घालतो मार्च-एप्रिलात, तोवर बेटाला जमीन जोडली गेलेली असते.

गाळ काढायच्या हंगामात टिटवीही जमिनीवरच असते. रोज सकाळी यंत्र चालू करण्यापूर्वी एकानं तळ चालून यावं. अंडी दिसली तर चार काठ्या रोवून तेवढा तुकडा सोडा. टिटवीची अंडी चार आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं लगेच चालायला लागतात. काम महिनाभर अडतं, तेही तेवढ्याच जागेत.

भोईराज_जाळी

कुंपण घालू नका. गुरं बंद झाली की काठावर उंच गवत माजतं आणि पाणलाव्यांची चराई संपते. ज्यांचं पोट तलावावर आहे त्यांना बाहेर ठेवलं तर राखण करायला कोणी उरत नाही.

मासेमारीबाबत मागायचं ते थोडकंच: नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुगवट्याच्या उथळ भागात जाळं नाही, आणि तुटलेलं नायलॉन जाळं पाण्यात सोडायचं नाही. बुडी मारणारे पाणकावळे, टिबुकल्या त्यात अडकून मरतात. जुन्या जाळ्यांच्या बदल्यात नवी द्यायला ५० हजार ठेवले तर लोक आपणहून आणून देतील. बीज सोडायचं ते कटला, रोहू, मृगळचं. थाई मांगूरवर बंदी आहे, तो पिल्लं-अंडी काही सोडत नाही.

गाळपेर बंद करायची गरज नाही. पाण्याच्या कडेपासून २० मीटर पट्टा मोकळा, त्यापलीकडं पीक, आणि फवारणी किंवा डिझेल इंजिन कडेला नाही. पाणी मागं सरकेल तसा पट्टाही सरकतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी खुंट्या हलवायला माणूस नेमा. गाळपेरवाल्यांपैकीच एक ठेवा.

ठराव_क्रमांक_४

यशाची मोजणी कशावर होणार ते आत्ताच लिहा. ‘बारमाही पाणी’ हा निकष आला तर नाकारा. या पट्ट्यात तलाव आटणं हा त्याच्या वर्षाचाच भाग आहे, आणि आटताना उघडा पडणारा चिखलच पाणलाव्यांचं ताट आहे. निकष असे हवेत: खोल बाजूला खांबावर रंगवलेली पट्टी, पावसाळ्यात रोज आणि एरवी दर आठवड्याला वाचन. महिन्यातून एकदा, त्याच चार जागांवरून, सकाळी नऊच्या आत पक्षीगणना. पहाटे उजाडण्यापूर्वी पाण्यातला प्राणवायू, लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की संस्थेनं आठ दिवसांत कारण शोधायचं. नोंदवही ग्रामपंचायतीत राहील, संस्थेच्या कार्यालयात नाही. शेवटचा हप्ता या वहीवर.

तीन वर्षांनंतर बांधकाम, पट्टी, गाळणतळं कोणाचं, हेही लिहा. ते ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढलं पाहिजे. गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत तलावाचं पान घाला, ठरावाला जोडायला उपयोगी पडतं.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला लगेच करा. लवकर मोजणी हवी तर शुल्क जास्त, पण वेळ वाचतो. आणि पाणी सांडव्याला लागलेलं असेल त्या दिवशी कडेकडेनं दगड रोवून चुना मारून ठेवा, फोटोसह. पाणी उतरल्यावर ती रेघ कोणालाच पटवता येत नाही.