बेळगावात जैन धर्म आला कधी नि कुठून?

टिळकवाडीकर: काल लेकीला घेऊन किल्ल्यातली कमल बस्ती, म्हंजे जैन मंदिर, बघायला गेलतो, छतातलं ते दगडी कमळ बघून पोरगी विचारती बाबा हे लोक इथं कुठनं आले, मला सांगताच येईना. जैन धर्म तर मगधातला ना, मग इतक्या लांब कसा आला?

खानापूरकर: बस्ती 1204 ची हाय ओ, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज यानं बांधली. पण धर्म त्याच्या कितीतरी आधीचा. आमच्या हलशीला एकदा याच, जुनं नाव पलाशिका. तिथं सापडलेल्या ताम्रपटात कदंब राजा मृगेशवर्म्यानं वडलांच्या स्मरणार्थ जिनालय बांधल्याचं लिहिलंय, म्हणजे 5व्या शतकातली गोष्ट, आणि दान यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक अशा जैन मुनींच्या तिन्ही संघांना दिलंय, मला हे फार भारी वाटतं.

निपाणीकर ताई: मगधातून कसा आला म्हणाल तर परंपरा अशी सांगते की तिकडं मोठा दुष्काळ पडला म्हणून जैन आचार्य भद्रबाहू आपले मुनी घेऊन दक्षिणेत आले, सोबत चंद्रगुप्त मौर्य, आणि दोघांनी श्रवणबेळगोळला देह ठेवला. तिथल्या साधारण 600 सालच्या शिलालेखात दुष्काळामुळं मुनी दक्षिणेत आल्याची आठवण आलीय. पुढं गंग, राष्ट्रकूट राजांनी आधार दिला, व्यापारी लोकांनी पण.

टिळकवाडीकर: ताई, दादा, लई आभार. रविवारी लेकीला हलशी दाखवतो, नरसिंहाचं देऊळ पण बघू.