मदत हवी आहे : ऑक्टोबर १९७६मधला रेडिओ पेकिंग

मंडळी, चीनचे सर्वेसर्वा माओ ९ सप्टेंबर १९७६ला गेले. महिना उलटायच्या आत, ६ ऑक्टोबरच्या रात्री, तेव्हाचे पंतप्रधान हुआ ग्वोफेंग यांनी माओंच्या पत्नी ज्यांग छिंग यांच्यासह ‘चौकडी’ला (सत्तेतल्या चार कडव्या माओवादी नेत्यांच्या गटाला) अटक करवली. त्याच रात्री पक्षाचे अधिकारी गंग बियाव यांना धाडून मध्यवर्ती रेडिओ केंद्रही ताब्यात घेतलं. म्हणजे माइकही आधीच हातात हवा! अधिकृत घोषणा मात्र दोन आठवड्यांनी.

आमचे आजोबा शॉर्टवेव्हवर कान लावून बसायचे. त्यांच्या वहीत त्या आठवड्याच्या पानावर पेन्सिलीने एवढंच आहे : ‘पेकिंग (म्हणजे आजचं बीजिंग). नावं गळाली.’

तेव्हाचं हिंदी किंवा इंग्रजी प्रसारण कोणी ऐकलंय का? कोणाची नावं गळाली, कधीपासून? आपल्याकडे आणीबाणी होती. मराठी पेपरांत काय छापून आलं? कात्रणं असतील तर फोटो टाका, प्लीज.